अंतर पाठ

घरातला एखादा जुना रिसेप्शनचा अल्बम काढून बघा. साधारण १९७५ ते १९९५ मधला कुठलाही चालेल, साताऱ्याचा असो की सांगलीचा. मधे सिंहासनाच्या थाटातल्या दोन लाल खुर्च्या, त्यांच्यापुढे नवरा-नवरी, दोन्ही बाजूंना पाहुणे एका ओळीत, कुणाच्या तरी हातात आहेराचं पाकीट आणि मागे काळोख. पान उलटा. पाहुणे बदलले, बाकी सगळं तेच. आपण हसतो आणि म्हणतो, काय हे, त्या फोटोग्राफरला काही कल्पकता होती की नाही? मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. ती ओळ फोकसनं ठरवलेली आहे. कशी, ते सांगतो.

पूर्वी लग्नाचा म्हणून जो फोटो निघायचा तो बहुतेक दिवसाउजेडी, वाड्याच्या चौकात नाहीतर कार्यालयाच्या दारात. रिसेप्शन हा संध्याकाळचा प्रकार, आणि त्याला वीज लागते. १९६० च्या दशकात कोयनेची वीज सुरू झाली (धरण साताऱ्यात, पॉवरहाउस घाटाखाली पोफळीला) आणि हळूहळू गावोगावच्या कार्यालयांत ट्यूबलाइट आणि माळा आल्या. पण हा उजेड माणसाच्या डोळ्याला पुरतो, लेन्सला नाही. म्हणून फ्लॅश. आणि इथेच खरी गोम आहे. फ्लॅशचा उजेड बटण दाबल्यावर येतो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. फोकस मात्र बटण दाबायच्या आधी करायचा. म्हणजे ज्या उजेडात फोटो निघणार, त्या उजेडात फोकस करायची सोयच नाही.

बरं, फोकस करायची साधनं काय होती? स्टुडिओवाल्यांकडे याशिका मॅटसारखा दोन डोळ्यांचा कॅमेरा. पोटाशी धरायचा, वरून काचेत बघायचं. उन्हात त्या काचेवर सुरेख चित्र दिसतं. रात्री कार्यालयात दिसतात फक्त माळांचे दिवे. पुढे एसएलआर आले, १९८२ चा निकॉन एफएम२ वगैरे. त्यांच्या काचेच्या मधोमध एक छोटं वर्तुळ, आडवं दुभंगलेलं. समोरची उभी रेष त्यात तुटलेली दिसते, लेन्सची रिंग फिरवून ती सांधायची, की झाला फोकस. म्हणजे अंधारात आधी एखादी ठळक उभी रेष शोधा! गालावर लोंबणारी मुंडावळी, शालूचा जरीचा काठ, नाहीतर खुर्चीची कड. नवरदेवाचा काळा सूट त्या कामी अगदी निरुपयोगी. आणि हे सगळं मागे शंभर माणसं आहेर घेऊन रांगेत उभी असताना.

मग करायचे काय हे लोक? फोकस करायचेच नाहीत. :-)

साताऱ्यातल्या एका स्टुडिओवाल्या काकांनी मला हे गणित समजावलं. (काका आता कॅमेरा धरत नाहीत, पण गणित तोंडपाठ आहे.) प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. समजा १०० स्पीडच्या फिल्मला तो ११० आहे, फुटांमध्ये. ११० ला अंतरानं भागा, की अॅपर्चर मिळतं. दहा फुटांवर एफ/११. पंधरा फुटांवर साधारण एफ/८. फ्लॅशच्या पाठीवर याचा तक्ताच असायचा, पण तो वाचायलाही उजेड हवा ना! म्हणून दोनच आकडे पाठ करायचे. जोडप्याबरोबर दोघं-चौघं असतील तर दहा फूट, अकरा. सगळं खानदान चढलं तर पंधरा फूट, आठ. लेन्सची रिंग दहावर ठेवायची आणि स्टेजसमोर आपली जागा पक्की करायची. काका सतरंजीच्या पट्ट्यांवरून अंतर धरायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर लुकअप टेबल. रनटाइमला काही मोजायचंच नाही, सगळं आधीच काढून ठेवलेलं. "सकाळी अंतरपाट, संध्याकाळी अंतर पाठ," हा काकांचा ठरलेला विनोद.

यात कसबही आहे आणि भौतिकशास्त्रही. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/११ ला दहा फुटांवर लावली, तर साधारण सात फुटांपासून साडेसोळा फुटांपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. एवढी ढिलाई असल्यामुळे पाऊलभर इकडेतिकडे झालं तरी खपायचं. पण फ्लॅशचा उजेड तितका उदार नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. दहा फुटांवरची नवरी लख्ख, वीस फुटांवरचं माणूस जवळपास अंधारात. आता ते ऐका, प्रत्येक रिसेप्शनला ऐकू येणारं वाक्य: "पुढं या, पुढं या... काका, जरा आत सरका... एका ओळीत!" फोटोग्राफर कॅमेरा माणसांवर फोकस करत नव्हता, माणसांना फोकसमध्ये आणून उभं करत होता. छत्तीस फोटोंचा रोल, धुऊन येईपर्यंत काय निघालंय ते माहीत नाही, आणि पुन्हा काढायची सोय नाही. लग्न काय परत लावणार?

पण मग जे ओळीत आले नाहीत, त्यांचं काय?

आमच्या आत्याचं रिसेप्शन सांगलीला झालं, १९८४ साली. आजोबांच्या बहिणीला घरात सगळे अक्का म्हणायचे. अक्का विशीतच विधवा झाल्या आणि पुढचं सगळं आयुष्य भावाच्या घरी काढलं. आत्याला त्यांनीच वाढवलं. आत्याच्या रिसेप्शनला अक्का स्टेजवर चढल्या नाहीत. कुणी नको म्हटलं असं नाही. तशी वेळ येऊ न देण्याची सवयच त्यांना होती. अल्बममध्ये एका फोटोत ओळीच्या मागे, आतल्या खोलीच्या दारात कुणीतरी उभं आहे. फिकट लुगडं कळतं, डोक्यावरचा पदर कळतो. त्या अक्का. वीस फुटांपेक्षा जास्तच अंतर असणार. फोकस संपल्यावर आणि उजेडही संपल्यावर. १९९१ मध्ये त्या गेल्या. त्यांचा दुसरा फोटो आमच्या घरात नाही.

मला नेगेटिव्ह मिळाली तेव्हा मी ती चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करून आणली. दारातली जागा मोठी करत गेलो तर नुसते रंगाचे दाणे. गेल्या वर्षी एका मित्रानं हौसेनं ती एआयच्या एका टूलला दिली. चेहरा आला! डोळे, नाक, ओठ, सगळं रेखीव. मी आत्याला मोबाइलवर दाखवला. तिनं चष्मा लावला, नीट बघितलं आणि विचारलं, "ही कोण रे?" बरोबरच आहे. जी माहिती फिल्मवर उतरलीच नाही, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार? त्यानं सरासरी काढून एक बाई बनवून दिली. मी ती फाइल डिलीट केली.

असो. गोष्ट पुढे नेतो.

कार्यालयातला अंधार पहिल्यांदा मोडला तो व्हिडिओवाल्यांनी. ऐंशीच्या दशकात व्हीएचएस आलं आणि त्याच्याबरोबर हजार वॅटचा हॅलोजन हातात धरून फिरणारा पोरगा. पाहुण्यांचे डोळे मिचमिचे, नवरीचा मेकअप घामात. पण फोटोग्राफरला तो देवासारखा भेटला, कारण आता काचेत चेहरे दिसायला लागले. काका सांगतात, व्हिडिओवाल्याशी भांडण असलं तरी त्याच्या लाइटवाल्या पोराला चहा आपला.

दरम्यान बाहेरच्या जगात यंत्र स्वतःच फोकस करायला शिकत होतं. १९७७ चा कोनिका सी३५ एएफ हा बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. त्यात अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीचं तंत्र होतं. १९८५ मध्ये मिनोल्टानं ७००० काढला, ऑटोफोकस बॉडीतच असलेला, आणि धमाल उडवून दिली. हनीवेलनं पेटंटचा दावा लावला. १९९२ मध्ये मिनोल्टानं १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तो मिटवला. यातली मला आवडणारी गंमत वेगळीच आहे. मिनोल्टा ७००० च्या सेन्सरलाही मुख्यतः उभ्या रेषाच कळायच्या. म्हणजे यंत्रसुद्धा शेवटी मुंडावळीच शोधत होतं! आडव्या रेषाही ओळखणारे क्रॉस सेन्सर नंतर आले. आणि अंधारात तर हे सगळेच आंधळे. म्हणून फ्लॅशमधून फोटोच्या आधी लाल पट्ट्यांचा उजेड टाकायची युक्ती निघाली. काही फ्लॅश तो चक्क नवरीच्या कपाळावर जाळीसारखा पाडायचे, आणि एखादी आजी दचकून विचारायची, "हे काय लावलं पोरीला?"

डिजिटलनं अर्धी भीती घालवली, कारण मागच्या पडद्यावर लगेच दिसायला लागलं. फोकसची भीती मात्र राहिली. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत तर जनरेटर चालू होईपर्यंत सगळं स्टेज काळंकुट्ट, आणि लेन्स पुढेमागे घरघरत बसलेली. तेव्हा जुनेजाणते लोक ऑटोफोकस बंद करून रिंग पुन्हा दहा फुटांवर आणायचे. हे मी स्वतः बघितलंय, कराडच्या एका लग्नात.

मग मिररलेस आले. कॅनननं २०२० च्या आर६ साठी उणे ६.५ ईव्हीपर्यंत फोकस होतो असा आकडा दिला (एफ/१.२ ची लेन्स लावली तर). म्हणजे माणसाला अडखळायला होईल अशा अंधारातही. शिवाय हे कॅमेरे गर्दीतून डोळा हुडकून काढतात आणि सोडत नाहीत. दारात उभं असलेलं माणूसही त्यांना चेहरा म्हणून सापडतं, आणि आयएसओ वाढवून त्याचा फोटो फ्लॅशशिवाय येतो.

मागच्या डिसेंबरात सांगलीत विश्रामबागला मामेबहिणीचं रिसेप्शन होतं. फोटोग्राफर पंचविशीतला पोरगा, हातात असाच एक कॅमेरा. स्टेजवर पाहुणे आले की तेच... दोन्ही बाजूंना, एका ओळीत, साधारण दहा फुटांवर. जेवणाच्या वेळी मी त्याला गाठलं आणि विचारलं, आता तर तुझा कॅमेरा कुठंही फोकस करतो, मग अजून यांना ओळीत का उभं करतोस?

तो म्हणाला, "मी कुठं काय बोलतो सर? स्टेजवर चढले की आपले आपणच उभे राहतात."