धाबं, स्लॅब आणि कूलर : खानदेशातल्या घराचा गारवा

मंडळी, जळगाव-धुळ्याचा उन्हाळा इथे बसलेल्यांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. साठ वर्षांपूर्वीच्या घरात कूलर घ्यावा की एसी, हा प्रश्न आज घरोघरी आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी छताचा इतिहास पाहावा लागेल.

आपली जुनी घरं धाब्याची. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सरे, त्यांवर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा थर. दुपारचं ऊन त्या थरातून खाली झिरपेपर्यंत रात्र व्हायची. तोवर माणसं अंथरूण घेऊन धाब्यावर गेलेली असायची. धुळ्यात हिवाळ्यात पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा हाच थर घरात ऊब धरून ठेवायचा.

पण उगाच गुणगान नको. दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकावी लागे, तरी ते गळायचंच. लाकडाला वाळवी लागे. सारवण्याचे कष्ट बायकांच्या वाट्याला. म्हणून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास शहरांत वसाहती उभ्या राहू लागल्या, तेव्हा लोकांनी स्लॅब हौसेनं स्वीकारला. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त चार-पाच इंचांचा तो स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो, हे राहून गेलं.

मग कूलर आला. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. खिडकी मात्र उघडी हवी. जूनमध्ये हवा दमट झाली की नुसता चिकचिकाट. शिवाय नळाला रोज पाणी येत नसेल, तर कूलरची टाकी भरायची कशानं?

एसीचा जन्म तर १९०२ चा. विलिस कॅरिअर यांनी अमेरिकेतल्या एका छापखान्यातला दमटपणा आवरण्यासाठी ते यंत्र आखलं. दमट हवेतही ते काम करतं. पण तापलेल्या स्लॅबखाली ते थांबायचं नाव घेत नाही, आणि बिल वाढत जातं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की क्रम छतापासून लावा. आधी गळती काढा, मग गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात द्या. धाब्याची आठवण म्हणून जुन्या स्लॅबवर माती मात्र टाकू नका. गंजलेल्या सळयांना ते वजन पेलणार नाही. नंतर पश्चिमेच्या भिंतीला सावली करा, बुजवलेले झरोके उघडा. त्यानंतर कूलर. एसी घ्यायचाच तर आधी वायरिंग तपासून घ्या.

मात्र घरात म्हातारं माणूस, आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर या क्रमासाठी थांबू नका. एक खोली आजच गार करा. उष्माघात गच्ची रंगवून होण्याची वाट पाहत नाही.