मराठीतील फारसी शब्द : कचेरीतून घराकडे

'जामबागेत जाऊन येतो' असे म्हणताना 'बाग' हा शब्द फारसीतून आला, याचे स्मरण आपणांस होत नाही. उर्दूत तो पुल्लिंगी. मराठीत मात्र स्त्रीलिंगी होऊन 'बागेत', 'बागा' अशी आपली रूपे त्याने धारण केली. परका शब्द घरचा होतो तो असा.

शब्द कोणत्या वाटेने आले, हे पाहिले की समाजांच्या भेटीचा इतिहास उलगडतो. प्राचीन स्लाव्ह भाषांनी 'पाव' आणि 'राजा' या अर्थांचे शब्द जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतले. त्यावरून अभ्यासक त्या जमातींच्या जुन्या संबंधांचा माग काढतात. आपल्याकडे १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि पुढील राजवटींच्या काळात महसूल, अर्ज, तक्रार, शिपाई, किल्ला असे शब्द मराठीत रुळले. अरबी शब्दही बहुतांशी फारसीच्याच हातून आले. हा ओघ कचेरीचा. 'अक्का', 'अण्णा' ही संबोधने आणि 'तूप' हा शब्द मात्र कानडीच्या शेजाराची साक्ष देतात. तो ओघ ओसरी-माजघराचा.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर पेशव्यास 'मुख्य प्रधान', मुजुमदारास 'अमात्य', डबीरास 'सुमंत' अशी संस्कृत नामे मिळाली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोशही सिद्ध झाला. तथापि अठराव्या शतकात 'पेशवा' हाच शब्द सत्तेचे नाव ठरला. म्हणून तो प्रयत्न वाया गेला असे मात्र नव्हे. राज्यकारभार आपल्या भाषेत चालू शकतो, हा आत्मविश्वास त्याने दिला. 'सचिव' हे त्या वेळचे पदनाम आजच्या शासनातही नांदत आहे.

हैदराबादेतील मराठी माणसाला हा प्रश्न अधिक जवळचा. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मातृभाषेला राजाश्रय नसताना तिचा सांभाळ करण्याचे काम आपल्या शाळांवर आणि ग्रंथालयांवर आले. त्या उपेक्षेचे शल्य खरे. परंतु त्यासाठी शब्दांना दोषी धरणे न्याय्य नव्हे. माधव जूलियन यांनी १९२५ साली 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला, तो हे ऋण डोळसपणे मोजण्यासाठीच. आपल्या भाषेवर निष्ठा आणि परभाषेचा आदर यांत विरोध नाही.

आमचा उर्दूभाषक शेजारी सकाळी 'दफ्तर'ला जातो, म्हणजे कचेरीत. त्याच वेळी आमचा नातू पाठीवर 'दप्तर' घेऊन शाळेस निघतो. शब्द एकच, मराठीने त्यातला 'फ' सौम्य केला आणि कचेरीतले कागद उतरवून त्यात मुलाची पाटी-पुस्तके ठेवली.