पाडणे

पाडणे : सकर्मक क्रियापद, ‘पडणे’चे प्रयोजक रूप. मूळ अर्थ, वर असलेले खाली आणणे. इमारतीच्या संदर्भात भिंत, घर, वाडा, पूल असे उभे बांधकाम मोडून जमिनीवर आणणे. साधित नामे पाडकाम, पाडापाडी. ‘पाडाव’ मुख्यतः पराभवाच्या अर्थाने.

व्युत्पत्ती : संस्कृत पत्, प्रयोजक पातयति, प्राकृत पाडेइ, मराठी पाडणे. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधला त सहसा गळतो (गत–गअ). या धातूत मात्र त्याचा ड झाला. हा अपवाद प्राकृत वैयाकरणांच्या नजरेतून सुटला नाही. हेमचंद्राने (12 वे शतक) सद् आणि पत् या धातूंना मिळून एकच सूत्र दिले. त्यातून सडइ, पडइ ही रूपे साधतात. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’तील तशाच सूत्रात सद्ऐवजी शद् धातू आढळतो. ‘सडणे’ काही अभ्यासक शट् धातूकडे नेतात. मरणे–मारणे, तरणे–तारणे, गळणे–गाळणे या जोड्यांतला दीर्घ आ हा संस्कृत वृद्धीचा वारसा होय. करवणे, बसवणे यांतला प्रत्यय त्याहून वेगळा. गुजरातीत पाडवुं; बंगालीतील पाडा झाडावरून फळ उतरवण्यासाठी वापरतात.

अर्थविस्तार : फूट, भाव, सरकार, पाऊस, भोक ही सर्व पाडली जातात. घडवण्याचा अर्थही तितकाच महत्त्वाचा असून तो गौण मानू नये. वीटभट्टीवर मळलेला चिखल साच्यात दाबून भरतात, वरचा जादा चिखल निपटून काढतात आणि साचा उलटा करून ओली वीट जमिनीवर मोकळी करतात. हेच विटा पाडणे. नाणी, वड्या, शेव यांनाही हेच क्रियापद लागते. भिंत पाडणाऱ्याचे आणि तिच्या विटा करणाऱ्याचे काम मराठीत एकाच शब्दाने सांगितले जाते.

निकटचे शब्द : कौले, वासे उतरवतात, भिंत पाडतात, उतरवण्यात सामान पुन्हा वापरण्याचा हेतू असतो. ‘जमीनदोस्त’ हा फारसी ‘जमीनदोज’वरून आला असावा. ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ यात वस्ती पाडून जागा नांगरण्याची जुनी शिक्षा आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर असा नांगर फिरवल्याचे परंपरा सांगते.

कायद्याची भाषा : मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मधील कलम 354 धोकादायक इमारतींविषयी आहे. पालिकांच्या कागदपत्रांत ‘निष्कासन’, वृत्तपत्रांत ‘तोडक कारवाई’, बोलण्यात पाडणेच.