जिन्नस घरचा, जाळ भट्टीचा : निपाणी-बेळगाव भागातील नानखटाईची हकीकत

या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार तसा थोडाच. मी निपाणीत होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा माणूस. रुग्णाची हकीकत घेताना तो काय खातो, त्याला काय आवडते, काय सोसत नाही, हे तपशिलाने विचारण्याची आमच्या शास्त्रात रीत आहे. दिवाळीनंतर साखर वाढलेला एखादा वयस्क रुग्ण येतो. काय खाल्ले म्हणून विचारले की सांगतो, ‘‘नानखटाई, पण विकतची नाही डॉक्टर, घरची.’’ घरी भाजली का, असे विचारले तर म्हणतो, ‘‘छे, सामान भट्टीत दिलं होतं.’’

भट्टीत भाजलेली वस्तू घरची कशी? या एका प्रश्नामागे मी लागलो आणि त्यातून ही हकीकत तयार झाली.

आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. तळणे, भाजणे, उकडणे, परतणे ही सारी कामे चुलीवर होतात, आणि चुलीचा जाळ खालूनच लागतो. चारी बाजूंनी सारखी धग लागावी अशी सोय आपल्या घरात नव्हती. कोकणात धोंडस करताना भांड्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवतात, गोव्यात ‘बात’ नावाचा रव्याचा केकही असाच होत असे. पण एका वेळी एकच भांडे. दिवाळीला डबेच्या डबे भरायचे तर दुसऱ्याच्या जाळाचा आधार घ्यावा लागे.

तो जाळ आपल्या भागात कुठून आला? एक वाट गोव्याची. पोर्तुगीजांमुळे तिथे पाव रुजला; पाव हा शब्दच त्यांच्या भाषेतला, आणि पाव करणारा तो पोदेर. दुसरी वाट छावणीची. बेळगावची छावणी १८३२ सालची. गोऱ्या शिपायाला रोज पाव लागे, म्हणजे रोज पेटणारी भट्टी आली. बेळगावच्या कॅम्पात आणि मागाहून आमच्या तंबाखूच्या पेठेत, निपाणीत, बेकऱ्या दिसू लागल्या.

नानखटाई मात्र उत्तरेकडून आली. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘खटाई’चा संबंध खता म्हणजे चीनशी जोडतात. सुरतेत अशी हकीकत सांगतात की तिथल्या डच व्यापाऱ्यांची बेकरी ते जाताना फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थाकडे आली, गोरे गिऱ्हाईक आटले, आणि स्थानिक लोकांना रुचेल अशा खुसखुशीत बिस्किटांतून नानखटाई घडली. गंमत अशी की नाताळात रंगीत साखरेने सजवतात त्या ‘कुकी’चे नावही डचांचेच, त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ छोटा केक.

म्हणजे आपण ज्या पदार्थाला ‘आपला जुना फराळ’ म्हणतो, तो लाडू-करंजीच्या मानाने कालचा पाहुणा आहे. मग तो देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात, आणि तेही आमच्यासारख्या दिगंबर जैनांच्या घरात, कसा शिरला?

माझ्या आजीला आम्ही अव्वा म्हणत असू. ती व्रती. सूर्यास्तानंतर अन्न नाही, बाजारचे पीठ नाही. दळलेल्या पिठालाही तिच्या लेखी मर्यादा होती : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. पाव-बिस्किटाला तर आमच्या घरी थाराच नव्हता. पावात आंबवण, बिस्किटात अंडे असण्याची भीती. नानखटाईत यातले काही लागत नाही. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या पीठ, मूठभर बेसन, चिमूटभर सोडा, वेलदोडा. पाण्याचा थेंब नाही. नातवंडांसाठी एवढे चालेल, असा निवाडा तिने दिला आणि वर अट घातली, ‘‘जिन्नस घरचा पाहिजे. जाळ कुणाचा का असेना.’’

१९७० च्या आसपासची ती दुपार मला लख्ख आठवते. आई परातीत थिजलेले तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसत बसे. पांढरेशुभ्र होईस्तोवर हात थांबवायचा नाही. साखर तेव्हा रेशनवर, म्हणून ती महिनाभर आधीपासून बाजूला काढलेली. गोळे वळले की अव्वा प्रत्येकावर अंगठ्याने खळगा करी आणि त्यात तीन चारोळ्या बसवी. शेजारचे घर सुरीने फुली मारी, पलीकडचे कातणाने कड कापी, कुणी टूटी-फ्रुटीचा लाल तुकडा लावी. मला ती शोभा वाटे. खरे कारण भट्टीवर गेल्यावर कळले. तिथे वीस घरांच्या पाट्या एका वेळी आत जात. कागदाची चिठ्ठी जळून जाते, खूण जळत नाही. चारोळी, फुली, कड या त्या त्या घराच्या सह्या होत्या.

बेळगावच्या कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला कुलकुल्या करतात. पिठाचा तुकडा काट्यावर किंवा कंगव्यावर दाबून वळतात आणि तळतात. त्यांच्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्यांची सख्खी बहीण. सणाच्या खाऊवर हाताची खूण उमटवण्याची हौस धर्म पाहून येत नाही, एवढे यावरून दिसते.

आमचे भट्टीवाले मुसलमान होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. पहाटे पावाची भट्टी कडक तापलेली असे. ती धग नानखटाईला सोसत नाही, वरून करपते, आतून कच्ची राहते. दुपारी जाळ उतरला की तिची वेळ. चाचा आधी भट्टी झाडून घेत. अंडे लागलेल्या पाट्यांचा स्पर्श नको म्हणून अव्वा आपल्या पाट्या घरून पाठवी. त्या ते वेगळ्या खणात ठेवत आणि उन्हे कलायच्या आत माघारी देत. डबा घ्यायला अव्वा स्वतः जाई. ‘‘अव्वा, भट्टी झाडली, मग तुमचा माल आत घातला,’’ हे त्यांचे वाक्य ठरलेले.

अव्वाने ती नानखटाई आयुष्यात एकदाही तोंडात घातली नाही. तिचे व्रत आड येई. चाचांना हे ठाऊक होते. जी बाई आपल्या हातची वस्तू कधी चाखणार नाही, तिच्यासाठी त्यांनी सणाच्या गर्दीत दरवर्षी भट्टी झाडली. हा व्यवहार कुठल्या वहीत नोंदलेला नाही.

एक वर्ष घरातूनच चूक झाली. तूप महागले होते. आईने निम्मा डालडा घातला. १९३७ पासून देशात आलेले हे वनस्पती तूप तोवर घरोघरी पोचले होते. स्वस्त, टिकाऊ, आणि नानखटाई त्याने जास्त खुसखुशीत होई. अव्वाने डबा उघडून एक तुकडा बोटांत चुरडला, हुंगला आणि झाकण लावले. ‘‘जाळ दुसऱ्याचा होता, तो चोख निघाला. जिन्नस आपला होता,’’ एवढेच म्हणाली. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पगाराच्या पैशात सण बसवणाऱ्या बाईची अडचण अव्वाला दिसली नाही, असे मला आजही वाटते. पण तिचे वाक्यही खोटे नव्हते.

पुढे १९८३ साली वनस्पती तुपात गुरांच्या चरबीची भेसळ झाल्याच्या बातम्यांनी देश हादरला. तेव्हा अव्वा नव्हती. आईने डालड्याचा डबा अंगणात रिकामा केला. आमच्या समाजातल्या कित्येक घरांनी त्या वर्षी भट्टीत काही पाठवले नाही, आणि सुटलेली सवय पुन्हा लागली नाही. वैद्यकानेही नंतर वनस्पती तुपाला दोषी ठरवले. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते आणि ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक असते. २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पतीत त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. म्हणून साजूक तूप निर्दोष झाले असे मात्र समजू नका. माझ्या मधुमेही रुग्णांना मी एकच नानखटाई सांगतो, आणि ते किती खातात हे मला ठाऊक आहे.

या हकीकतीला सीमेचीही एक कड आहे. १९५६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात होती. १ नोव्हेंबरला निपाणी-बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून तो दिवस आपण काळा दिवस पाळतो. दिवाळी त्याच्या आसपास आली की भट्टीतला माल आदल्या दिवशी उचलायचा, हे आमच्या घरात न सांगता ठरलेले असे. भट्टीपुढच्या रांगेत मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही ऐकू येत. डब्यावरचे नाव कुठल्याही लिपीत असले तरी पाटी ओळखली जाई ती खुणेवरून.

आता चाचांची भट्टी नाही; त्या जागी मोबाइलचे दुकान आहे. आमच्या घरी विजेची भट्टी आहे. सूनबाई १६० अंशांवर वीस मिनिटे ठेवते, आणि पाट्यांची अदलाबदल होण्याची भीती उरलेली नाही. नात नाताळाच्या सुट्टीत चांदणीच्या साच्याने बिस्किटे कापते, वर रंगीत साखर पेरते. मला ते आवडते. तिने एकदा विचारले, नानखटाईवर तीनच चारोळ्या का? तिला भट्टी, वीस घरांच्या पाट्या आणि झाडलेली राख हे सगळे सांगावे लागले. चारोळ्या तीनच का, हे मात्र मलाही सांगता आले नाही. अव्वाला विचारायचे राहून गेले.

तेव्हा वाचकहो, शेवटी विनंती एवढीच. आपल्यापैकी पुष्कळांची घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या घरची खूण कोणती होती? तूप कुठून येई, डबा कुणाच्या भट्टीत जाई, तो आणायला कोण जाई? घरात हे सांगणारी एखादी जाणती बाई अजून असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या आत तिच्याजवळ बसा आणि लिहून घ्या.