शेवटच्या बाकापर्यंत

माझे बी.ए. मराठी माध्यमातले, विषय इतिहास. संगणकाच्या जाळ्यांवर मी लिहावे हा आगाऊपणाच. पण २०१९ मध्ये वर्तमानपत्रात वाचलेली एक बातमी अजून डोक्यातून जात नाही.

मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने २०१० च्या सुमारास ब्रोकरांना आपले संगणक एक्स्चेंजच्याच आवारात ठेवण्याची सोय दिली. भावातला प्रत्येक बदल तिथे त्यांना मिळे, पण प्रत्येकाला वेगळी प्रत, एकामागून एक. सकाळी जो आधी जोडला गेला त्याला आधी. फरक सेकंदाच्या बारीक अंशाचा, पण यंत्रे सौदे करतात तिथे तेवढा पुरतो. सेबीने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला आणि दक्षतेत कसूर झाली म्हणून १०० कोटी भरायला लावले. २०२४ मध्ये संगनमताचा पुरेसा पुरावा नाही म्हणून सेबीनेच तो आरोप सोडला. असो.

मी मात्र त्या बातमीत स्वतःला पाहिले. तीस वर्षे मी प्रश्नपत्रिका पहिल्या बाकापासून वाटल्या. शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तोवर पुढची मुले पहिला प्रश्न लिहायला लागलेली असत. घंटा मात्र सगळ्यांना एकच!

यावरचा उपाय कधीचाच निघाला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग नावाचा विद्यार्थी संशोधन करत होता. वेगवेगळ्या जाळ्यांतल्या अनेक संगणकांना एकच निरोप एकदाच पाठवून कसा पोचवावा, हा त्याचा प्रश्न. ऑगस्ट १९८९ मध्ये त्याचा मसुदा इंटरनेटचे मानक म्हणून प्रसिद्ध झाला. याला मल्टिकास्ट म्हणतात. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते यासाठी राखून ठेवले आहेत. हा पत्ता कुणा एकाच्या घराचा नसतो, ऐकू इच्छिणाऱ्या गटाचा असतो.

कोतवालाची दवंडी ही नव्हे. दवंडी सगळ्यांच्या कानावर पडते, हवी असो वा नसो. आमच्या भंडाऱ्याकडच्या माणसाला हे मामा तलावाच्या पाटावरून चटकन कळेल. धानाला पाणी हवे तो शेतकरी पाटकऱ्याला सांगतो, मग त्याच्या बाजूचे दार उघडते. ज्या फाट्यावर कुणीच मागत नाही, तो बंद. इथे संगणक जवळच्या राउटरला सांगतो, तो वरच्याला, आणि जिथे वाट फुटते तिथेच निरोपाची प्रत निघते. फरक एवढाच, की पाणी वाटले की कमी होते, टोकाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखल येतो. निरोप वाटून कमी होत नाही.

मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोच्या एका बैठकीतला आवाज या रीतीने तीन खंडांतल्या लोकांनी ऐकला. तेव्हा वाटले असेल, आता सगळे इंटरनेट असेच चालणार. तसे झाले नाही. दुसऱ्याच्या जाळ्यातल्या गटांची नोंद आपल्या राउटरने का ठेवावी आणि पैसे कुणाकडून घ्यावेत, यावर कंपन्यांचे जमले नाही. म्हणून मल्टिकास्ट राहिले ते मुख्यतः एकाच मालकाच्या जाळ्यात : केबलसारख्या टीव्ही सेवेत, शेअर बाजारात. एनएसईही पुढे त्याकडेच वळली.

हे सगळे मला नागपूरला याच कामात असलेल्या पुतण्याने समजावले. मी विचारले, "पण कुणाला निरोप ऐकूच आला नाही तर?"

"काका, यात पोच घेत नाहीत. ज्याचे राहिले त्याने वेगळे मागून घ्यायचे. तशी सोय ठेवावी लागते."

म्हणजे हात वर करायचा. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने एकदा केला होता. "सर, आज मागून वाटा ना." मी म्हणालो होतो, "बस खाली."