झिजण्यासाठी घडविलेले

गार्डन रीच हे नाव मराठी चाकरमान्यांस नवे नाही. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर आणि कलकत्ता ही दोन शहरे जोडली. 1955 साली तिच्यातून दक्षिण-पूर्व रेल्वे निर्माण झाली, तिचे मुख्यालय येथेच हुगळीकाठी राहिले. शेजारीच जहाजबांधणीचा कारखाना आहे. 1884 साली लहानशा कर्मशाळेच्या रूपाने सुरू झालेला हा कारखाना 1960 साली सरकारने ताब्यात घेतला, आणि स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका ‘अजय’ 1961 साली येथूनच नौदलात दाखल झाली.

जहाजाच्या पाण्याखालील अंगास जस्ताचे ठोकळे जडविलेले असतात. खाऱ्या पाण्यात ते झिजत जातात आणि त्यांच्या झिजण्याने पोलाद वाचते. हे तत्त्व सर हंफ्री डेव्ही यांनी 1824 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. मनुष्याच्या रक्तातही मीठ आहे. तेव्हा शरीरात बसविलेल्या धातूसही हाच नियम लागू पडतो. मोडलेले हाड सांधण्याच्या इतिहासातील एक चमत्कारिक प्रकरण याच नियमातून निघाले.

पोलादी पट्टी हाड घट्ट धरते. परंतु हाड जुळल्यावर ती पुष्कळदा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावी लागते. हातावर पोट असलेल्या हमालास दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे दुसऱ्यांदा बुडालेली मजुरी. काम होताच आपोआप विरून जाणारी पट्टी मिळाली तर? बेल्जियन शल्यविशारद आल्बँ लाँबोत यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी एका तरुणाच्या मोडक्या पायास मॅग्नेशियमची पट्टी लावली. खिळे मात्र पोलादी होते. दोन भिन्न धातू खाऱ्या रसात एकत्र आले की विद्युत्‌घट तयार होतो. आठच दिवसांत पट्टी विरघळली आणि कातडीखाली हायड्रोजनचे फुगे साचले. जे तत्त्व जहाजाचे रक्षण करते, त्यानेच येथे उपचार हाणून पाडला. हाडास जुळावयास काही आठवडे लागतात. आधार तितका टिकला पाहिजे. खरा प्रश्न विरण्याचा नव्हता, विरण्याच्या वेळेचा होता.

पुढचा मार्ग धातूतून नव्हे, रसायनातून निघाला. 1966 साली अमेरिकेतील लष्करी वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आर. के. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिलॅक्टिक आम्लाविषयी निबंध प्रसिद्ध केला. कुलकर्णी हे आडनाव वाचताच आपल्यापैकी कोणाचेही लक्ष क्षणभर थबकेल. या पदार्थाचे तुकडे होता होता शेवटी लॅक्टिक आम्ल उरते. श्रमाने थकलेल्या स्नायूंत जे निर्माण होते, तेच हे आम्ल. शरीर त्याचे पाणी आणि कर्बद्विप्राणिद करून टाकते. प्राण्यांवरील प्रयोगांत तो विषारी ठरला नाही. 1984 साली हेलसिंकी येथे रोक्कानेन यांनी घोट्याच्या मोडलेल्या हाडांत विरघळणाऱ्या सळया बसविण्यास आरंभ केला. काही रुग्णांच्या जखमेतून पुढे जंतूविरहित द्रव पाझरला. म्हणून हा मार्गही निष्कंटक नव्हता. विशेष हे की, लाँबोतांचे मॅग्नेशियमही परत आले. मिश्रधातू करून त्याची झीज मंद करण्यात आली आणि 2013 साली जर्मनीत घडविलेल्या अशा स्क्रूस युरोपीय मान्यता मिळाली.

आजही मांडीच्या हाडासारखा भार पेलण्यास पोलाद किंवा टायटॅनियमच लागते. विरणारी साधने मुख्यतः घोटा, हात, चेहरा अशा लहान हाडांपुरती आहेत, आणि ती महागही पडतात. म्हणजे ज्या हमालास त्यांची सर्वांत जास्त गरज, त्याच्या हाती ती शेवटी पोचणार. हा इतिहास अजून संपलेला नाही.

आपण बदलीवर परगावी राहणारे लोक. एखाद्या जागी काही काळ भार उचलावा, ती जागा स्वतःच्या पायांवर उभी राहिली की निघून जावे, आणि मागे आपली खूण उरू नये, यात कमीपणा नाही. हाड जुळले, एवढी खूण पुरे.