प्रश्न विचारणारं पोरगं आणि उत्तर देणारा मास्तर

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, हे आपण छाती पुढे काढून सांगतो. पण याच वत्सगुल्मचं नाव वात्स्यायनाच्या कामसूत्रातही येतं, ते सहसा कोणी सांगत नाही. राजवाड्यातल्या चालीरीतींच्या वर्णनात तिथे वात्सगुल्मक लोकांचा उल्लेख आहे. आणि त्याच ग्रंथात स्त्री-पुरुषांच्या जोडीला ‘तृतीया प्रकृती’ हा शब्द आहे, त्या लोकांवर वेगळं प्रकरण आहे. ते काही समतेचं प्रकरण नाही, त्यात त्यांच्या धंद्याचंच वर्णन जास्त. पण अशी माणसं समाजात असतात हे लिहिणाऱ्याला दीड हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. म्हणून ‘हे सगळं मोबाइलमुळे आलं, विदेशातून आलं’ असं कोणी म्हणालं, तर निदान वाशिमकराने तरी ते मान्य करू नये.

विषय आहे आपल्या हायस्कूलमधल्या समलिंगी, उभयलैंगिक आणि तृतीयपंथी मुलामुलींचा, ज्यांना आजकाल एलजीबीटीक्यू म्हणतात. आठवी-नववीत पोरगं वयात येतं. आपण बाकीच्यांसारखे नाही, हे त्याला तेव्हाच कळायला लागतं. त्याच्या डोक्यात प्रश्न असतो. तो कोणाला विचारायचा? आपल्या राज्याचा इतिहास बघितला तर प्रश्न विचारणाऱ्याआधी उत्तर देणाऱ्यालाच गप्प केलेलं दिसतं.

सुरुवात र. धों. कर्वेंपासून करू. महर्षी कर्वेंचा हा मुलगा, गणिताचा प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत, पदरचे पैसे घालून चालवलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची. लोक लाजत लाजत पत्र लिहायचे आणि कर्वे शास्त्राच्या आधाराने सरळ उत्तर द्यायचे.

१९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा दुसरा खटला झाला तो या उत्तरांवरूनच. प्रश्न हस्तमैथुनाचे होते, समलिंगी संबंधांचे होते. कर्वेंच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांना अडचणी आहेत म्हणून ते विचारतात आणि त्यांना ज्ञान मिळालं पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधारही त्यांनी दिला. तरी खटला हरले. कर्वेंना २०० रुपये दंड झाला. बाबासाहेबांची जयंती आपण गावोगाव जोरात करतो. त्या भाषणांत हा खटला मात्र क्वचितच येतो.

आता थेट २००७ मध्ये या. केंद्राने एड्स नियंत्रणाच्या निमित्ताने नववी आणि अकरावीसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो थांबवला. आपणच नाही, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा बऱ्याच राज्यांनी थांबवला. त्या पुस्तिकांमध्ये समलिंगी मुलांबद्दल फार काही होतं असं नाही. पण परिणाम काय झाला? शरीराबद्दल वर्गात बोलणं म्हणजे बालंट, हे मास्तरांच्या मनात पक्कं बसलं. विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून देणारे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. जिथे साधा धडा शिकवला जात नाही, तिथे या पोरांचा प्रश्न कोण घेणार?

कायदा मात्र पुढे सरकत होता. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना वेगळी ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून, म्हणजे गुन्ह्यातून, बाहेर काढले. १८६० पासूनचं ओझं होतं ते. २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या कलम १३ मध्ये सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या प्रत्येक शिक्षण संस्थेने भेदभाव न करता समावेशक शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यावी असं लिहिलं आहे. म्हणजे झेडपीची शाळा असो की संस्थेचं हायस्कूल, हे सगळ्यांना लागू.

आणि मग २०२१. एनसीईआरटीने शिक्षकांसाठी तृतीयपंथी मुलांच्या समावेशाची पुस्तिका काढली. शौचालय, गणवेश, भाषा, चिडवणं, सगळ्यावर त्यात लिहिलं होतं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांत पुस्तिका वेबसाइटवरून गायब. २०२३ मध्ये नवा मसुदा आला. १९३४ मध्ये दंड, २००७ मध्ये बंदी, २०२१ मध्ये पुस्तिका मागे. प्रश्न तेच आहेत, दर वेळी उत्तरच उचलून नेलं जातं.

याची किंमत कोण देतं? २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच ‘इतर’ हा रकाना स्वतंत्र मोजला गेला. देशात ४,८७,८०३ लोकांची नोंद त्यात झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यांची साक्षरता ५६ टक्के, तेव्हा देशाची ७४. हा फरक बुद्धीचा नाही. शाळेत टिकू न दिल्याचा आहे.

आपल्याकडे हे टिकू न देणं कसं होतं, सगळ्यांना ठाऊक आहे. खेड्यावरून एस.टी.च्या पासवर रिसोडला, मालेगावला, मंगरूळपीरला येणारं पोरगं थोडं नाजूक चाललं की ‘बायल्या’, ‘छक्का’ सुरू. बसमध्ये पोट्टे चिडवतात, वर्गात तेच, आणि कधी कधी मास्तरही हसतात. ते पोरगं मधल्या सुट्टीत मुतारीत जात नाही, पीटीच्या तासाला दांडी मारतं, मग शाळाच सुटते. मुलीचं वेगळं. तिचं मन मैत्रिणीत आहे असा नुसता वास आला, तरी बारावीच्या आधी स्थळं बघायला सुरुवात होते. ती गळती पटावर ‘लग्न झाले’ म्हणून दिसते, खरं कारण कुठेच लिहिलं जात नाही.

वाशिम २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. शिक्षण हा त्यातला मोठा विषय. मग नियोजनात ही मुलं कुठे आहेत? यासाठी वेगळी इमारत लागत नाही. विदर्भात जूनच्या शेवटी शाळा उघडतात, पहिल्याच शिक्षकसभेत चार गोष्टी ठरवता येतील.

एक, चिडवणं ही मस्करी नाही, शिस्तभंग आहे, हे मुख्याध्यापकांनी परिपाठात सांगावं. २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सखी सावित्री समिती आहे, तिच्याकडे ही तक्रारही घ्यावी.

दोन, एक तरी शिक्षक किंवा शिक्षिका असावी जिच्याशी मूल बोलू शकेल. आणि महत्त्वाचं, मूल जे सांगेल ते त्याला न विचारता घरी कळवू नये. ‘पालकांना बोलवा’ हा आपला पहिला उपाय असतो. या बाबतीत तोच घात करू शकतो. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही आधी त्याच्याशी बोलूनच.

तीन, १०९८ ही चाइल्डलाइन आणि १४४१६ ही टेली मानस, दोन्ही नंबर फलकावर लिहावेत. फुकट आहेत.

चार, पालकांना सांगावं की हा आजार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असा ‘बरा करण्याचा’ उपचार डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवला आहे. डॉक्टरला जे करता येत नाही ते बाबा-महाराजांच्या अंगाऱ्याने काय होणार?

कर्वेंना लोक पत्र लिहायचे कारण जवळ विचारायला कोणी नव्हतं. आज पोरगं मोबाइलला विचारतं, आणि तिथे कोण उत्तर देईल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा आपल्याच हायस्कूलमधल्या एखाद्या मास्तराने, मॅडमने उत्तर दिलेलं बरं. तुमच्या ओळखीत असे शिक्षक असतील, शाळा व्यवस्थापन समितीवर कोणी असेल, तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. कमेंटमध्ये कोणत्याही मुलाचं किंवा शाळेचं नाव मात्र लिहू नका.